वाचकांचे प्रश्न : बिशप्स कॉलेज आणि मायकेल मधुसूदन दत्त

प्रश्न : बंगाली कवी मायकेल मधुसूदन दत्त कोलकात्याच्या एका धर्मशिक्षण महाविद्यालयात शिकले, असे वाचनात आले. हे महाविद्यालय कोणते?

उत्तर : ते बिशप्स कॉलेज होय. कलकत्त्याचे पहिले अँग्लिकन बिशप थॉमस मिडलटन यांनी 1820 मध्ये हुगळीच्या पश्चिम तीरावर, शिबपूर येथे त्याची स्थापना केली. मात्र 1822 मध्येच त्यांचे निधन झाल्याने त्याची वाढ त्यांना पाहता आली नाही. पहिले प्राचार्य विल्यम हॉज मिल संस्कृतचे जाणकार होते आणि त्यांनी ख्रिस्तचरित्र संस्कृत श्लोकांत रचले, ही बाब आजही कुतूहलाची वाटते.

1843 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर मधुसूदनांना हिंदू कॉलेज सोडावे लागले. पुढे बिशप्स कॉलेजात त्यांनी ग्रीक, लॅटिन व संस्कृतचा अभ्यास केला. धर्मोपदेशक ते झालेच नाहीत. परंतु त्यांच्या ‘मेघनादवध’ या महाकाव्यावर युरोपीय अभिजात काव्याची जी छाया दिसते, तिचे बरेचसे श्रेय या शिक्षणाला द्यावे लागेल, असे आम्हांस वाटते.

1880 मध्ये शिबपूरची वास्तू सरकारकडे गेली व तेथे अभियांत्रिकी महाविद्यालय आले. बिशप्स कॉलेज मात्र कोलकाता शहरात आजही चालू आहे.