'चिप बार्म'मधला बार्म

प्रश्न असा आला आहे: मुलगी मँचेस्टरला शिकते. तिथल्या दुकानांच्या पाट्यांवर 'चिप बार्म' दिसतं, आणि शब्दकोशात बघावं तर 'बार्म' म्हणजे बिअरवरचा फेस. मग हे खायचं कसं?

पाव म्हणून खायचं. शब्दकोशाचंही बरोबर आहे. यीस्ट पुड्यांतून मिळत नव्हतं तेव्हा बिअर आंबताना वर येणारा फेस काढून बेकरीवाले त्यावर पीठ फुगवायचे. त्या पावाचं नाव 'बार्म केक'. पुढे 'केक' गळला आणि फेसाचं नाव पावाला चिकटलं. डोक्याने जरा सुटलेल्याला 'बार्मी' म्हणतात, तेही या फेसावरूनच. बोलताना 'र' जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून कुणी 'चिप बाम' म्हणालं तर डोकेदुखीचा समजू नये! आणि चिप्स म्हणजे जाड कापून तळलेला बटाटा. आपल्या वेफर्सना तिकडे 'क्रिस्प्स' म्हणतात.

पण हा शब्द मँचेस्टर-लँकेशरकडचा. नॉटिंगहॅम, डर्बी, लेस्टरला तसाच पाव 'कॉब' होतो, शेफील्डला 'ब्रेडकेक', कॉव्हेंट्रीत 'बॅच'. बॅच म्हणजे मुळात एका वेळी भट्टीत गेलेला माल; कडा एकमेकांना चिकटून भाजलेले पाव, थोडक्यात आपली लादी. न्यूकॅसलची 'स्टॉटी' मात्र या यादीत सरळ बसवता येत नाही. ती मोठी, चपटी आणि चिवट असते, वस्तूच वेगळी.

खरी फसगत 'टीकेक'ची. इंग्लंडात बहुतेक ठिकाणी टीकेक म्हणजे मनुका घातलेला गोडसर पाव, भाजून लोणी लावलेला. हॅलिफॅक्स, हडर्सफील्डकडे मात्र टीकेक साधाच असतो, त्यात चिप्सही भरतात. मनुकांचा हवा असेल तर 'करंट टीकेक' असं मागावं लागतं. मँचेस्टरला लागून असलेल्या ओल्डमला तर साध्या पावाला 'मफिन' म्हणणारे आहेत, आणि कपकेकसारख्या मफिनशी त्याचा काही संबंध नाही.

माझ्या मते, पाव गावच्या बेकरीत भाजून गावातच संपायचा म्हणून ही नावं टिकली. जी वस्तू लांब जातच नव्हती, तिला सगळीकडे चालणारं नाव कशाला हवं?

मुलीला सांगा, मँचेस्टरमध्ये बिनधास्त 'बार्म' माग. आणि विगनला गेलीस तर 'पाय बार्म' विचार: लोणी लावलेल्या पावात अख्खा पाय, म्हणजे मैद्याच्या पारीत मांस-बटाटा भरून भाजलेला. विगनकर त्याला कौतुकाने 'विगन कबाब' म्हणतात.