जुन्या बेसबॉल कार्डावरची सही खरी आहे हे कसं ओळखायचं?

आधी सही शाईची आहे की छापलेली, ते पाहा. टॉप्स या कार्ड छापणाऱ्या कंपनीच्या १९५२ च्या कार्डांवर खेळाडूची सही मुळातच छापलेली असते आणि नवखे संग्राहक तिलाच खरी समजतात. कार्ड तिरप्या उजेडात धरा. पेनाची शाई वरून बसल्यासारखी वेगळी चमकते.

मग पेनाचा काळ जुळवा. माझ्या मते ही सगळ्यात उपयोगी कसोटी आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत. प्रसिद्ध बेसबॉलपटू बेब रूथ १९४८ मध्ये वारले, शार्पी मार्कर आला १९६४ मध्ये. म्हणजे गौडी कंपनीच्या १९३३ च्या कार्डावर रूथ यांची जाड मार्करने केलेली सही दिसली, की विषय तिथेच संपला. बॉलपेनसुद्धा अमेरिकेत १९४५ च्या अखेरीस विकायला आलं. खेळाडू कधी गेला तेही पाहा. बेसबॉलपटू रॉबेर्तो क्लेमेंते ३१ डिसेंबर १९७२ ला विमान अपघातात गेले, निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत नेताना. अवघे ३८ वर्षांचे होते, म्हणजे त्यानंतर त्यांची नवी सही होणं शक्यच नव्हतं. त्यामुळे त्यांनी सही केलेलं कार्ड कोणी स्वस्तात देऊ लागला तर दहा वेळा विचार करा.

विक्रेत्याने स्वतः छापलेल्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. १९९० च्या दशकात एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन'मध्ये बनावट सह्यांची मोठी टोळी पकडली, तेव्हा प्रमाणपत्रंही खोटीच निघाली होती. पीएसए, जेएसए किंवा बेकेट या सह्या तपासणाऱ्या कंपन्यांनी तपासलेलं कार्ड घ्या आणि त्यावरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. सही फिकी असली तरी तिच्यावरून पेन फिरवू देऊ नका, किंमत जातेच आणि त्या खेळाडूच्या हातचं मूळ अक्षरही पुसलं जातं.