डिस्चार्ज कार्डावरचा ई२७.१ आणि नाकारलेला क्लेम

प्रश्न: आईची आरोग्य विमा पॉलिसी जून २०२३ पासून आहे. त्वचेच्या आजारासाठी तिला नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. बरं वाटल्यावर तिने त्या एकदम थांबवल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये रक्तदाब कोसळला आणि तिला आयसीयूत ठेवावं लागलं. डिस्चार्ज कार्डावर ‘ॲड्रिनल क्रायसिस’ (मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीचं संप्रेरक अचानक कमी पडणं) आणि आजाराचा कोड ई२७.१ आहे. एप्रिल २०२५ मध्ये ‘ॲडिसन हा जुना आजार प्रपोजल फॉर्ममध्ये लपवला’ म्हणून क्लेम नाकारला. मी तेव्हापासून टीपीएला (विमा कंपनीसाठी क्लेमचे कागद हाताळणारी संस्था) मेल करतोय. हॉस्पिटल कोड बदलत नाही. काय करावं?

उत्तर: ‘कोड चुकला’ अशी तक्रार घेऊन बरेच जण लिहितात आणि बहुतेकांची सगळी ताकद कोड बदलून घेण्यातच जाते. तुमचा दावा मात्र आईला स्टिरॉइड पहिल्यांदा कोणत्या तारखेला लिहून दिलं, यावर ठरणार आहे. ती चिठ्ठी तुमच्या पत्रासोबत नाही. तुम्ही तिचा उल्लेखही केलेला नाही.

पॉलिसीतली ‘पूर्वीपासूनचा आजार’ याची व्याख्या काढून वाचा. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ठरावीक काळात (जुन्या पॉलिसीत ४८ महिने, आताच्या नियमांत ३६) ज्याचं निदान झालं किंवा ज्यासाठी सल्ला वा उपचार घेतले, तो पूर्वीपासूनचा आजार. ई२७.१ या कोडमध्ये तारीख नसते. कंपनीने आजाराच्या नावावरून तो जुना असल्याचा अंदाज बांधला आहे. तो सिद्ध करण्याची जबाबदारी तिची आहे, पण तेवढ्यावर विसंबून बसू नका.

ई२७.१ म्हणजे ॲड्रिनल ग्रंथीच निकामी होणं, म्हणजेच ॲडिसन. औषधामुळे आलेल्या कमतरतेचा कोड ई२७.३ आहे आणि कारण स्पष्ट नसेल तर ई२७.४. स्टिरॉइड बरेच महिने घेतलं की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारं एसीटीएच (ॲड्रिनलला चालना देणारं संप्रेरक) दबतं, ग्रंथी सुस्तावते आणि गोळ्या एकदम बंद केल्या की असा प्रसंग ओढवतो. ॲडिसनमध्ये उलट एसीटीएच वाढलेलं असतं. आयसीयूच्या फाइलमध्ये एसीटीएचचा रिपोर्ट आहे का ते आजच पाहा. तो कमी आला असेल तर त्याच्याइतका बोलका पुरावा नाही. ही तपासणी झालीच नसेल, तर चिठ्ठीचं महत्त्व आणखी वाढतं.

आता उशिराबद्दल. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने दाखल रुग्णांची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायची असतात आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. त्वचेच्या डॉक्टरांचे बाह्यरुग्ण कागद तेवढेही टिकतील, असं धरून चालू नका. नोव्हेंबर २०२३ ला बराच काळ लोटला आहे. चिठ्ठ्या फेकून द्यायच्या आणि जुन्याच चिठ्ठीवर दुकानातून गोळ्या आणत राहायचं, ही सवय अशा वेळी फार महागात पडते. डॉक्टरांकडे आईच्या सहीने लेखी मागणी करा आणि पोच घ्या. औषध दुकानाची बिलंही शोधा.

हॉस्पिटलकडे नवं कार्ड मागू नका. खाडाखोड झालेलं किंवा मागच्या तारखेचं कार्ड तुमची केस बुडवेल. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आजच्या तारखेने सहीचं पुरवणी टिपण द्यावं: क्रायसिस कशामुळे आला, स्टिरॉइड कधीपासून होतं, त्यासाठी फाइलमधला आधार कोणता. आजाराचं कारण डॉक्टरने लिहायचं असतं. कोड भरणारा कर्मचारी ते ठरवू शकत नाही.

त्वचेचा आजार जून २०२३ आधीचा होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर कंपनी तिथे बोट ठेवेल आणि मग निकाल कुठे झुकेल हे मी आत्ता सांगू शकत नाही. फॉर्म एजंटने भरला आणि आईने न वाचता सही केली असेल, तर तेही मला मोकळेपणाने कळवा. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, हे किती वेळा सांगायचं?

टीपीएला पाठवलेल्या मेलचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. क्लेम नाकारण्याचा निर्णय कंपनीचा असतो. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे वरचे कागद जोडून लेखी निवेदन द्या. नकार आला किंवा महिनाभर उत्तर आलं नाही, तर तिथून एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथे ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, फी नाही आणि वकीलही लागत नाही. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. कायद्यात तिथे साध्या तक्रारीसाठी ३ महिने लिहिले आहेत, पण प्रत्यक्षात लोक वर्षानुवर्षं तारखा घेत बसतात आणि हे पाहताना मला चीड येते. म्हणून आधी लोकपाल. आयोगात त्याच विषयावर तक्रार दाखल केली की लोकपालांचं दार बंद होतं. मात्र आयोगासाठीची २ वर्षांची मुदत एप्रिल २०२५ पासूनच मोजली जाईल असं धरून चाला. मेल पाठवत राहिल्याने ती वाढत नाही.

नुकसानभरपाई आणि व्याज किती मिळेल, यावर आत्ता बोलणं घाईचं होईल. या आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे अर्ज द्या आणि ती पहिली चिठ्ठी हातात आली की मला लिहा.