कर्करोगावरचं प्रयोगशाळेतलं संशोधन जास्त भरवशाचं करायचं तर सुरुवात कुठून करावी?

प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींपासून. प्रयोगाआधी त्या ज्या नावाने वापरल्या जातात, खरोखर त्याच पेशी आहेत का, हे एसटीआर डीएनए चाचणीने, म्हणजे डीएनएमधल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांवरून ओळख पटवणाऱ्या चाचणीने, तपासा. मायकोप्लाझ्मा, म्हणजे पेशींना नकळत लागण करणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंची चाचणीही करा. एमडीए-एमबी-४३५ या पेशी कित्येक वर्षं स्तनाच्या कर्करोगाच्या म्हणून वापरल्या गेल्या, आणि डीएनए तपासल्यावर निघाल्या मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाच्या! त्यावर उभारलेलं केवढं काम त्यामुळे संशयात आलं. मात्र एवढ्याने भागत नाही. अ‍ॅमजेन या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांना ५३ गाजलेल्या शोधनिबंधांपैकी फक्त ६ निबंधांचे निष्कर्ष पुन्हा मिळाले, असं २०१२ साली प्रसिद्ध झालं. म्हणून उंदरांवर औषध तपासताना त्यांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडा, आणि औषध कोणत्या गटाला दिलंय हे गाठी मोजणाऱ्याला कळू देऊ नका.