बैठकीत कधी बोलावं, कधी थांबावं

सुरुवातीला एवढंच सांभाळा. तोंडावर आलेलं वाक्य आधी कागदावर उतरवा आणि समोरच्याचं बोलणं संपल्यावर मनात तीन अंक मोजा. तेवढ्यात कुणी तोच मुद्दा मांडला, तर गप्प राहिलात तरी चालतं. पण हिशोबात चूक आहे किंवा कुणाला इजा होईल असं दिसलं, की लगेच बोला. तिथे भीड अजिबात नको.

नवखे बहुतेक दोन ठिकाणी चुकतात: चारचौघांत एखाद्याची चूक काढतात, आणि ‘तुम्ही नेहमीच...’ अशी सुरुवात करतात. ‘नेहमी’ ऐकलं की माणूस मुद्दा सोडून स्वतःचा बचाव करत बसतो. त्याऐवजी ‘तिसऱ्या रकान्यातली बेरीज जुळत नाही’ असं नेमकं सांगा. राग आलाय? उत्तर लिहा, पण सकाळी पुन्हा वाचल्याशिवाय पाठवू नका. पहिल्या बैठकीत एक प्रश्न विचारलात तरी पुष्कळ झालं.