पैशाचं विचारा: पहिलं कार्ड कोणतं घेऊ?

प्रश्न: ताई, मी कराडचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वय १९. घरून महिन्याला ९ हजार येतात, ५ तारखेच्या आसपास, त्यातच मेस आणि रूमचं भाडं. कॉलेजच्या गेटसमोर एकजण टेबल टाकून बसलाय, म्हणतो लाइफटाइम फ्री क्रेडिट कार्ड देतो, वर ट्रॉली बॅग फुकट. मित्रांनी फॉर्म भरलेत. पप्पा म्हणतात कार्ड म्हणजे कर्जच, नादी लागू नको. कोणतं घेऊ? आणि सिबिल आत्तापासून बनवलं तर पुढे फायदा होतो हे खरंय का?

उत्तर: आधी ती बॅग डोक्यातून काढ. हसू नकोस, मी पण एकेकाळी फुकटच्या घड्याळासाठी फॉर्म भरलाय, घड्याळ सहा महिन्यांत बंद पडलं, कार्ड मात्र चालूच राहिलं. लाइफटाइम फ्री म्हणजे वर्षाची फी नाही एवढंच, व्याज आणि लेट फी काही माफ नसते. आणि तुला पगार नाही, मग इन्कमच्या रकान्यात तो टेबलवाला काय आकडा टाकतोय ते बघ, सही तुझी असणार आहे.

तुला सरळ रस्ता म्हणजे एफडीवरचं कार्ड. बँकेत समजा १५-२० हजारांची एफडी केलीस की बँक ती अडकवून ठेवते आणि साधारण तिच्या ७५ ते १०० टक्के लिमिटचं कार्ड देते, पगाराची स्लिप मागत नाहीत, फक्त १८ पूर्ण पाहिजेत. एफडीचं व्याज चालू राहतं, पण तू बिल थकवलंस तर बँक एफडी मोडून वसूल करते. काही ठिकाणी याहून कमी रकमेवर पण मिळतं. तेवढे पैसे आत्ता नसतील तर थांब, कार्डावाचून कोणाचं शिक्षण अडत नाही. रुपे कार्ड घेतलंस तर ते यूपीआयला जोडता येतं, दुकानाच्या क्यूआरवर चालतं, मित्राला पैसे पाठवायला चालत नाही. सोय आहे पण तीच गंमत पण आहे, वडापाव सुद्धा उधारीवर खाल्ला जातो आणि कळत नाही.

सिबिलचं खरं आहे. सिबिल म्हणजे उधारी वेळेवर फेडतोस का याचा स्कोअर, तो ३०० ते ९०० मध्ये असतो आणि एफडीवरच्या कार्डाची परतफेड पण त्यात धरतात, त्यामुळे लिमिटच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच वापर आणि दर महिन्याला पूर्ण भर.

पण कोणतं कार्ड यापेक्षा मला तुझी ती ५ तारीख महत्त्वाची वाटते. बिल २० ला बनत असेल तर भरायची तारीख पुढच्या ८-१० च्या आसपास येते, म्हणजे पप्पांचे पैसे आले की लगेच भरून मोकळा. हेच बिल १० ला बनलं तर भरायचं महिनाअखेरीस, तेव्हा तुझ्या खात्यात काय असतं ते तूच सांग. बिलाची सायकल निदान एकदा तरी बदलून दिलीच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे, बिनधास्त माग.

दुसरं ऑटोपे, म्हणजे बिल खात्यातून आपोआप कापलं जाणं. ते लावताना दोन पर्याय येतात, पूर्ण बिल किंवा मिनिमम. मी नोकरीला लागले तेव्हा घाईत मिनिममवर टिक केलं, दर महिन्याला 'पेमेंट मिळालं, धन्यवाद' असा मेसेज यायचा आणि मी खूश, स्टेटमेंट कोण उघडतंय, सात महिन्यांनी उघडलं तर कार्डावर घेतलेल्या फ्रिजचे पैसे जवळपास होते तिथेच! हिशोब बघ: २० हजारांच्या मोबाइलवर ५ टक्के मिनिमम म्हणजे १ हजार भरलेस, राहिले १९ हजार. महिन्याला साडेतीन टक्के धरले तर ६६५ रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ७८५ च्या घरात. वर बाकी असताना नवीन काही घेतलंस तर त्याला एरवी बिल भरायच्या तारखेपर्यंत मिळणारे बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. एटीएममधून कॅश काढली तरी तेच. हा कागद पप्पांना दाखव, ते अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत.

प्रश्न: मुलगी बारावीनंतर मुंबईला हॉस्टेलला चाललीय. माझ्याच कार्डवर तिला ॲड-ऑन, म्हणजे तिच्या नावाचं जोडकार्ड, काढून देऊ का?

उत्तर: द्या की. फक्त बिल तुमच्या नावावर येणार, तिने उशीर केला असं काही नसतं, उशीर तुमचाच. बऱ्याच बँकांच्या ॲपमध्ये ॲड-ऑनला वेगळं लिमिट लावता येतं, ते ५ हजारांवर ठेवा, परदेशी व्यवहार बंद ठेवा. आणि ओटीपी कोणाच्या नंबरवर येणार ते फॉर्म भरतानाच विचारून घ्या, नाहीतर ती रात्री अकराला घरी यायचं तिकीट काढत बसलेली आणि ओटीपी तुमच्या उशाखालच्या फोनवर.