३३ इंची टायर टाकल्यावर जीपच्या क्राउन-पिनियनचा रेशो कुठला घ्यावा?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी इथे मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. जुनी महिंद्राची जीप, डीआय डिझेल, चार गिअरचा बॉक्स, पुढे-मागे दोन्ही अ‍ॅक्सलमध्ये क्राउन-पिनियन (इंजिनाकडून आलेला फेरा चाकांकडे वळवणारी दात्यांची जोडी) ११:४१, म्हणजे पिनियनला ११ दात, क्राउनला ४१, रेशो ३.७३, आधी २३५/७० आर १६ टायर होते ते काढून १५ च्या रिमवर ३३ चे मड टायर चढवलेत, लांज्याहून आंबा घाटाने कोल्हापूरला जाणं-येणं असतं आणि पावसात सड्यावर (कातळाच्या पठारावर), चिरेखाणीच्या रस्त्यांना गाडी घालायची हौस. आता घाटात गाडी ओढत नाही, मिस्त्री म्हणतोय सरळ ४.८८ टाका, मित्र म्हणतोय काही गरज नाही.

माझं मत ४.२७. मिस्त्री नि मित्र दोघंही अर्धे बरोबर आहेत, पण दोघांनी तुमचा चौथा गिअर धरलेला नाही.

हिशोब अगदी सोपा आहे, जुना रेशो गुणिले नवीन टायरची उंची भागिले जुन्या टायरची उंची. २३५/७० आर १६ ची उंची कागदावर ७३५ मिलिमीटर, ३३ इंच म्हणजे ८३८. फरक १४ टक्के. म्हणजे टायर बदलताना तुम्ही न ठरवता गाडीचे सगळे गिअर, पहिल्यापासून रिव्हर्सपर्यंत, १४ टक्के लांब (म्हणजे वेगाला जास्त, ओढीला कमी) करून टाकले. इंजिनच्या दृष्टीने तुमचा ३.७३ आता साधारण ३.२७ झालाय आणि इतका लांब रेशो या इंजिनाला घाटात कोणीही शहाणा माणूस देणार नाही. उलटा हिशोब केला की ३.७३ गुणिले ८३८ भागिले ७३५, येतं ४.२५. बाजारात त्याच्या सगळ्यात जवळचा ११:४७, म्हणजे ४.२७. नशीब चांगलं, असा आकडा दर वेळी बरोबर जुळतोच असं नाही.

पण कंपनीच्या साइजवर जाऊ नका, ३३ लिहिलेला टायर गाडीखाली हवा भरून उभा केला की ३३ भरत नाही. खळ्यात लादी किंवा कोबा असेल तिथे गाडी उभी करा, टायरवर आणि खाली जमिनीवर खडूने एका रेषेत खूण करा, गाडी न्यूट्रलला ढकलत टायरची खूण परत बरोबर खाली येईपर्यंत न्या, तिथे दुसरी खूण, आणि टेपने मोजा. कागदावर एक फेरा २ मीटर ६३ सेंटिमीटरचा आहे, प्रत्यक्षात कमीच येईल. जुने टायर अजून घरात पडले असतील तर त्यांचंही असंच मोजा, मग दोन्ही खऱ्या आकड्यांवर हिशोब करा.

आणि तेवढ्यात ३.७३ खरंच ३.७३ आहे का तेही बघून घ्या. या जीपा इतक्या हातांतून गेलेल्या असतात की कुठल्या भंगारवाल्याकडचं हौजिंग (क्राउन-पिनियनचं लोखंडी घर) कोणी कधी बसवलंय सांगता येत नाही. मागचं एक चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर आणि त्याला पुढून-मागून दगड, गाडी न्यूट्रलला, प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या लांब दांड्याच्या) फ्लँजवर खडूची खूण. उचललेलं चाक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. (एकच चाक फिरतंय म्हणून दोन.) तेवढ्यात प्रोपेलर जितके फेरे घेईल तो तुमचा रेशो, ३.७३ ला तीन पूर्ण आणि चौथा पाऊणच्या किंचित अलीकडे. मागे लॉकर किंवा स्पूल (दोन्ही चाकं एकत्र बांधणारी यंत्रणा) असेल तर ही पद्धत चालत नाही, मग दोन्ही चाकं उचलून एकच फेरा. पुढचा अ‍ॅक्सलही असाच तपासा.

आता ४.८८ का नको. मी रेशो ठरवताना टायरच्या तक्त्यापेक्षा टॉप गिअरमधले आरपीएम आधी काढतो, कारण गाडी दिवसाचा बराच वेळ तिथेच असते. सूत्र लक्षात ठेवायला सोपं आहे: ५३०५ गुणिले ताशी वेग गुणिले रेशो भागिले टायरची मिलिमीटरमधली उंची. हे टॉप गिअर डायरेक्ट म्हणजे एकास एक असेल तेव्हा, तुमचा चौथा तसाच आहे. ताशी ८० ला जुन्या टायरवर इंजिन २१५० च्या आसपास फिरत होतं. ३३ वर ३.७३ ठेवून ते उतरलं १८९० वर. ४.२७ टाकलं की २१६०, म्हणजे परत घरी. ४.८८ टाकलं की २४७०. जुन्या डीआय इंजिनाला २४७० ला तास-दीड तास मुंबई-गोवा हायवेवर हाणणं म्हणजे आवाजाने डोकं उठेल, डिझेल जास्त पिईल आणि ८० च्या वर जावंसंच वाटणार नाही. पाचवा ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा) गिअर असता, समजा ०.८ च्या आसपासचा, तर त्याच ४.८८ ने तुम्हाला ताशी ८० ला दोन हजाराच्या खाली ठेवलं असतं आणि मी पण मिस्त्रीच्याच बाजूने बोललो असतो. तुमच्याकडे तो नाही. मिस्त्रीने बहुतेक पाच गिअरवाल्या गाड्यांना ४.८८ बसवून बघितलेलं असणार. तसा ४.८८ जीपला परका नाही, युद्धातल्या विलीज एमबीला ८:३९ म्हणजे तोच होता, आणि नंतरच्या सीजे ३बी ला तर ५.३८, पण त्या गाड्यांकडून ताशी ८० ची अपेक्षाही नव्हती.

मित्राचं म्हणणं, गरज नाही. टायर ३१ चे असते तर मीही हेच म्हटलं असतं, ७ टक्के फरक आहे तिथे, एक गिअर खाली टाकून माणूस चालवून घेतो. जिमनीवाले पण कायम विचारतात म्हणून सांगतो, १९५/८० आर १५ काढून २१५/७५ आर १५ टाकले तर फरक दीड टक्का पडतो, त्यासाठी गिअर बदलायचं नावही काढू नका. पण १४ टक्के सोसत नाही, आणि ते कोकणात जास्त कळतं. आंबा घाटात वळणावर पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक पहिल्या गिअरात रांगत असतो, त्याच्या मागे तुम्ही, तुमचा पहिला आता इतका लांब की ट्रकच्या वेगाला इंजिन धडधडतं, मग पाय आपोआप हाफ क्लचवर जातो. दोन-तीन पावसाळे असे गेले की क्लच प्लेट संपली, आणि मग लोक म्हणतात डुप्लिकेट प्लेट मिळाली.

उतरताना तर वाईटच. चढताना गाडी ओढत नाही हे सगळ्यांना जाणवतं, उतरताना इंजिन गाडीला धरत नाही हे लवकर लक्षात येत नाही. इंजिन ब्रेकिंगही तेवढंच टक्के गेलेलं असतं, म्हणजे आधी जो उतार दुसऱ्यात पाय न लावता उतरत होतात तिथे आता ब्रेकवर पाय राहणार. त्यात अजून एक गोष्ट जी क्राउन-पिनियन विकणारा सांगत नाही, रेशो बदलून इंजिनाची ताकद परत येते, ब्रेकची येत नाही. ड्रम चाकाबरोबर फिरतो, मध्ये गिअर नाही, टायर उंच झाला की तेवढ्याच ब्रेकला जास्त लांब तरफ अडवायची आहे आणि वर टायर-रिमचं वजनही वाढलंय. म्हणून क्राउन-पिनियनला हात घालायच्या आधी चारही ड्रम उघडून लायनर, सिलिंडर बघून घ्या. पैसे एकाच कामापुरते असतील तर ते ब्रेकला घाला, रेशो पुढच्या वर्षी.

बाकी चिखल-सड्याचा विषय. तिथे तुम्हाला हळू चालणारी गाडी हवी आहे आणि ते काम क्राउन-पिनियनचं नाही, लो रेंजचं, म्हणजे ट्रान्स्फर केसच्या (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) हळू गिअरचं आहे. क्रॉल रेशो म्हणजे पहिला गिअर गुणिले ट्रान्स्फर केसचा लो गुणिले अ‍ॅक्सल, उदाहरणार्थ मॅन्युअल जिमनीचा साधारण ३६ येतो. अ‍ॅक्सल ४.२७ वरून ४.८८ केलात तर हा गुणाकार १४ टक्के वाढतो आणि त्याची किंमत तुम्ही हायवेवर रोज भरता. तेच ट्रान्स्फर केसचा लो बदलला तर हायवेला काही फरक पडत नाही, जिप्सीवाले लोक म्हणूनच अ‍ॅक्सलपेक्षा ट्रान्स्फर केसचे गिअर बदलतात. आणखी एक, दात कमी झाले की पिनियन लहान होतं, आठ दातांचं पिनियन अकरावाल्याइतका मार खात नाही, त्यात ३३ चे टायर आणि लॉकर असेल तर हाफ शाफ्टवरही (चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्यावर) जोर वाढणार. वाळूत तर खोल (म्हणजे जास्त आकड्याच्या) गिअरचा उपयोगच नाही, तिथे चाकाला वेग लागतो आणि हवा कमी करावी लागते. पण समुद्रावर गाडी घालूच नका, वेळास-आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात, आणि भरतीत गाडी अडकली की आख्खा गाव मोबाईल काढून उभा.

खर्चाचं मनात पक्कं करून घ्या, हे काम दोन्ही अ‍ॅक्सलचं आहे. फक्त मागे ४.२७ टाकून पुढे ३.७३ ठेवला आणि चार बाय चार लावलं तर पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरायला बघतात आणि ती ओढाताण ट्रान्स्फर केस किंवा शाफ्टवर निघते. म्हणजे दोन जोड्या, सगळी बेअरिंगं, सील, शिम (जागा जुळवायच्या पातळ चकत्या) आणि मजुरी. मागचा अ‍ॅक्सल डाना ४४ घराण्यातला असेल तर हे आधीच विचारा: त्यात ३.७३ पर्यंतची डिफ्रन्शियलची केज (ज्यावर क्राउन बसतो ते घर) वेगळी आणि ३.९२ पासून वरची वेगळी, क्राउन बसण्याची जागाच सरकलेली असते. दुकानदार जोडी देईल आणि हौजिंग उघडल्यावर कळेल की केज पण लागणार. क्राउन आणि पिनियनवर एकच जोडनंबर कोरलेला आहे ना ते दुकानातच बघा, दात तिथेच मोजा.

बसवणारा माणूस रेशोपेक्षा महत्त्वाचा. त्याला विचारा डायल गेज (बारीक फट मोजायचं काट्याचं मापक) आहे का. "अंदाजाने बसवतो, वीस वर्षं बसवतोय" असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी हालचाल, साधारण ०.१३ ते ०.२५ मिलिमीटरमध्ये लागतो, हे बोटाला कळत नाही. आणि दातांचा पॅटर्न स्वतः उभं राहून बघा. शेंदूर ऑइलमध्ये घट्टसर कालवून क्राउनच्या चार-पाच दातांना लावतात, क्राउनला थोडा अडवून दोन्हीकडे फिरवतात, जिथे पिनियन टेकतं तिथला शेंदूर पुसून लोखंड चमकतं. ती चमक दाताच्या मधोमध लांबट हवी. वरच्या कडेला आली तर पिनियन आत सरकवायला हवं, मुळाशी आली तर बाहेर, आणि त्यासाठी शिम घालायला-काढायला परत सगळं खोलावं लागतं, म्हणूनच बरेच जण हे टाळतात. मग हजार किलोमीटरवर हौजिंग रडायला लागतं.

नंतर जीएल ५ चं ८०डब्ल्यू ९० गिअर ऑइल भरा, पहिल्या दिवशी वीस-पंचवीस किलोमीटर सावकाश चालवून हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा, ओझं नाही, घाट नाही. साधारण ८०० किलोमीटरला ते ऑइल काढून टाका, त्यात बारीक चमकणारी भुकटी दिसेल, ती चालते, तुकडे चालत नाहीत. पावसाळ्यात वहाळातून गाडी गेली असेल तर ऑइल दुधाळ झालंय का बघायचंच, गरम हौजिंग पाण्यात बुडालं की आत हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते. ब्रीदरला (हौजिंगमधली हवा ये-जा करायच्या तोंडाला) पाइप जोडून बॉनेटपर्यंत वर नेलात तर हा त्रास बराच जातो, आणि हौजिंग उघडलेलंच आहे तर ते त्याच दिवशी करून घ्या.

स्पीडोमीटरचं विचारलं होतंत, तुमची केबल ट्रान्स्फर केसमधून निघते. सध्या काटा ८० दाखवतो तेव्हा तुम्ही ९१ ने जाताय आणि किलोमीटर कमी मोजले जातायत, म्हणजे मायलेज पडलंय असं जे वाटतंय त्यातलं बरंचसं मोजण्यातच गेलंय. ४.२७ टाकलं की काटा आपोआप खऱ्यावर येईल. आणि ३३ चे टायर आरसी आणि विम्याच्या दृष्टीने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकू शकतात, ते आरटीओत विचारून घ्या. जुनी ३.७३ ची जोडी ग्रीस लावून गोणपाटात बांधून ठेवा, स्टॉक टायरवाले कायम शोधत असतात.